तळीरामावर सगळं ढकलू नका : ‘एकच प्याला’ बसवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
‘एकच प्याला’ बसवायला घेतलेल्या आमच्या गावच्या नाट्यमंडळाचे दिग्दर्शक, कलाकार आणि कार्यकारिणी यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यातली एक मुलगी परवा घरी येऊन रंगावृत्तीची झेरॉक्स देऊन गेली. “मावशी, तुम्ही इतकी वर्षं प्रॉम्प्टिंग केलंय, एकदा नजर टाका,” म्हणाली. दुपारी पेन्सिल घेऊन बसले ती दिवेलागणीलाच उठले. दोन तासांत नाटक बसवायचं म्हणजे कात्री लागणार, हे मला कळतं. दारूपायी घर बुडवणाऱ्या सुधाकर वकिलाचं हे राम गणेश गडकऱ्यांचं पाच अंकी नाटक पदांसकट रात्रभर चालायचं. तेवढा वेळ बसणारा प्रेक्षक आता नाही आणि तेवढा वेळ नाट्यगृहही कुणी देत नाही. तुम्ही पदं कमी केलीत, लांबलचक भाषणं आटोपशीर केलीत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं आहे ते कात्री कुठे चालवलीत त्याबद्दल.

सुधाकराचा मित्र रामलाल आणि सुधाकराची विधवा बहीण शरद यांच्यातला तो अवघड प्रवेश गेला. दारूतून बाहेर पडणारा भगीरथ तर मुळातूनच गेला. तळीरामाच्या बायकोला, गीतेला, चार वाक्यं उरली. दारू सोडलेला सुधाकर नोकरीसाठी लोकांचे उंबरे झिजवतो, तो सगळा भाग निवेदकाच्या दोन ओळींत उरकला. सुधाकराला पाजणारा त्याचा कारकून तळीराम मात्र पुरता ठेवलात, वर त्याला दोन नवे विनोद दिलेत. आणि सुधाकराची बायको सिंधू मरते त्या शेवटच्या प्रवेशाला कंसात सूचना आहे : ‘सिंधूवर पांढरा प्रकाश, मागे देवळातली घंटा.’

हे मला तालमीच्या जागी येऊन चार भिंतींत सांगता आलं असतं. पण गेल्या काही वर्षांत या नाटकाचे जेवढे छोटे अवतार मी पाहिले, त्या सगळ्यांत कात्री याच जागांवरून फिरलेली पाहिली. एक दुष्ट कारकून, एक भोळा वकील, एक देवी आणि एक बाटली, एवढंच नाटक उरतं. म्हणून हे उघड लिहिते आहे. ज्या ज्या मंडळानं हे नाटक हातात घेतलं असेल, त्या सगळ्यांनी ते आपल्यालाच लिहिलं आहे असं समजावं.

तळीरामापासून सुरू करते. मराठी नाटकातली थोडीच पात्रं रंगमंचावरून उतरून रस्त्यावर आली, त्यातला हा पहिल्या रांगेतला. ३१ डिसेंबर आला की पेपरात ‘तळीरामांवर कारवाई’ असा मथळा ठरलेला. ‘तळीराम गार झाला’ असं तर नाटकाचं नावही न ऐकलेला माणूस सहज बोलून जातो. लेखकाचं हे भाग्यच. पण एक गोष्ट मला फार वर्षं सलते आहे. त्याच नाटकातल्या सुधाकराचं नाव आपण कधी कुणाला दिलं नाही. शिकलेला, बुद्धीचा तल्लख, बायकोवर जीव असलेला आणि तरी आपल्या हातानं घर धुळीला मिळवणारा, अशा माणसासाठी आपल्या भाषेत नाव नाही. त्याला आपण ‘बिचारा’ म्हणतो. ‘चांगला माणूस होता हो, संगत वाईट लागली,’ म्हणतो. सगळं पाप तळीरामाच्या नावावर मांडून ठेवलं की सुधाकर आपोआप बिचारा होतो, आणि बघणाऱ्यालाही हायसं वाटतं, कारण तळीराम आपल्या घरात नसतो.

आमच्या घरात होता. म्हणजे घरच्यांनी तसा एक नेमून ठेवला होता. वडिलांचे कचेरीतले मित्र. पहिला घोट त्यांनी पाजला, हे आमच्याकडे वेदवाक्य होतं. आजी त्यांचं नाव घेऊन बोटं मोडायची. मीही पुष्कळ वर्षं त्यांना राक्षसच समजत होते. पण वडिलांना रात्री सायकलच्या कॅरिअरवर बसवून, एका हातानं त्यांना सावरत घरी आणणारे तेच होते. माझी दहावीच्या फॉर्मची फी एका वर्षी त्यांनी भरली आणि कुणाला सांगितलं नाही. मला ती फार पुढे आईकडून कळली. पंचेचाळिशीच्या आतच पोटात पाणी होऊन ते गेले. त्या दिवशी आजी म्हणाली, “सुटलो.” वडील त्यानंतर अकरा वर्षं प्यायले.

अकरा वर्षं. आता मूळ नाटक पुन्हा उघडून बघा. शेवटचा अनर्थ होण्याआधी गडकऱ्यांनी तळीरामाला मारून टाकलं आहे. वैद्य आणि डॉक्टर यांच्या कात्रीत सापडलेला, बिछान्यावरही दारूच मागणारा तळीराम मरतो आणि नाटक पुढे चालूच राहतं. सुधाकराच्या हाताशी कुणी पाजणारा उरत नाही, तरी तो पितो. खलनायक आधी संपवायचा आणि अनर्थ नंतर घडवायचा, असं लेखक उगाच करत नाही. तुमच्या रंगावृत्तीत वैद्य-डॉक्टरांचा प्रवेश हशासाठी ठेवला आहे. हशा येऊ द्या, गडकऱ्यांनीच तो लिहिला आहे. पण एक माणूस तिथे मरतो आहे, हे हसणाऱ्याला उशिरा का होईना कळलं पाहिजे. त्या हशानंतर जरा शांतता सोडा. नवे विनोद घातल्यावर ती शांतता पडायला जागाच उरत नाही.

मी तळीरामाला सोवळं नेसवत नाही. गीतेच्या संसाराची राख त्यानं केली. आर्य मदिरा मंडळ काढून दारूला देशसेवेचा आणि शास्त्राचा मुलामा दिला. सुधाकर डळमळला की हा बाटली घेऊन हजर. पण तो कुठल्या जातीचा वाईट आहे ते नीट पाहा. नाटककार गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० मध्ये शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ आणलं होतं. त्या कथेतला खलनायक आतून जळणारा, महिनोन् महिने डाव रचणारा आहे. तळीरामाच्या डोक्यात असा लांबचा डाव नाही. भर कोर्टात मुन्सफाशी खटका उडून सनद काही काळापुरती गेलेल्या, अपमानानं तडफडणाऱ्या मालकाला तो स्वतःला ठाऊक असलेलं एकुलतं एक औषध देतो. त्याच्या गावात दुसरा दवाखानाच नाही. प्याला पुढे करणारा हात त्याचा आहे. उचलून तोंडाला लावणारा हात सुधाकराचा.

आणि हा सुधाकर कोण? गरिबीतून स्वतःच्या बळावर वर आलेला, कुणाचा एक शब्द ऐकून न घेणारा मानी माणूस. त्या मानीपणावरच त्यानं शिक्षण केलं, वकिली उभी केली. हा त्याचा सगळ्यांत मोठा गुण. पहिला प्याला त्याच गुणानं त्याच्या हातात दिला, कारण अपमान झाला ती एक रात्र त्याला शुद्धीवर राहून काढवेना. मिठाचा खडा बाहेरून पडतो हे खरं, पण नासतं ते दूधच. पुढेही बघा, बायकोच्या श्रीमंत माहेराची मदत त्याला चालत नाही. तो मान राखण्यासाठी बायकोनं लोकांचं दळण दळायचं, हे मात्र चालतं. इतकी वर्षं विंगेत बसून हे नाटक मी शब्दाशब्दानं पुढे सरकवलं आहे. मला एकदाही सुधाकर भोळा वाटला नाही. तो हुशार आहे, आणि तेच भयंकर आहे. व्यसनाच्या पायऱ्या एकेक करून तो स्वतः रामलालला समजावून सांगतो, ते भाषण तुम्ही ठेवलंत हे फार चांगलं केलंत. कुठल्या पायरीवरून परत फिरता येतं आणि कुठून येत नाही, हे त्याच्याइतकं स्वच्छ नाटकात कुणालाच कळत नाही. कळूनही तो उतरतच जातो. अमेरिकेत अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस १९३५ मध्ये सुरू झालं, आपल्याकडे पुण्यात मुक्तांगण १९८६ मध्ये. तिथे दारूतून बाहेर पडलेले लोक आजही सांगतात, जपायचं ते पहिल्या घोटाला. गडकऱ्यांनी ते नाटकाच्या नावातच लिहून ठेवलं.

आता रामलाल. त्याच्यासाठी तर मी हे पत्र लिहायला बसले.

तुमच्या रंगावृत्तीतला रामलाल म्हणजे पांढऱ्या कोटातला उपदेश. येतो, चांगलं बोलतो, जातो. असा माणूस प्रेक्षकाला पाच मिनिटांत कंटाळवाणा होतो आणि मग तळीराम जिंकतो; तालमीत तुम्हाला हे जाणवलंही असेल. गडकऱ्यांच्या रामलालला त्यांनी एका फार वाईट जागी नेऊन उभं केलं आहे. सुधाकराची बहीण शरद, बालविधवा, रामलालच्या आसऱ्याला, त्याच्याकडे शिकणारी. वयानं, नात्यानं, विश्वासानं ती त्याच्या मुलीसारखी. तिच्याविषयी त्याच्या मनात नको ती ओढ उठते. तोंडानं वडीलधारेपण चाललेलं असतं आणि आत दुसरंच काही जागं झालेलं असतं. हे त्याला कळतं. कळल्यावर तो दचकतो, स्वतःचीच शरम वाटून पोळतो, ते स्वतःशी कबूल करतो, आणि भगीरथ आणि शरद यांच्या वाटेतून बाजूला होतो.

हा प्रवेश मुख्य कथेला सोडून आहे, असं तुमच्या समासात लिहिलं आहे. मला तर तो मुख्य कथेचा आरसा वाटतो. रामलालच्याही समोर त्याचा एकच प्याला आला होता. काचेचा नव्हता एवढंच. कुणी तळीराम तो घेऊन आला नव्हता. तो त्याच्या आतूनच वर आला, त्याच्या चांगुलपणातून, तिची काळजी घेता घेता. त्या प्याल्याकडे त्यानं डोळे उघडे ठेवून पाहिलं, त्याला त्याच्या नावानं हाक मारली आणि तो खाली ठेवला. सुधाकरानं त्या रात्री तो उचलला. दोन मित्र, दोघं सज्जन, आणि दोघांच्या आयुष्यात अशी एकच घटका. रामलालचा प्रवेश कापला की हे नाटक दारूबंदी सप्ताहातलं प्रचारनाट्य होतं. तो ठेवला की रांगेतला प्रत्येक माणूस, ज्यानं दारूचा थेंब कधी चाखला नाही तोही, खुर्चीत अस्वस्थ होतो. मी ते विंगेतून पाहिलं आहे. एका प्रयोगाला तो प्रवेश चालू असताना पहिल्या रांगेतले आमच्या गावचे एक मानाचे गृहस्थ मान खाली घालून बसले होते, पडदा पडेपर्यंत वर बघितलं नाही त्यांनी. त्यांच्या मनात काय होतं ते त्यांना ठाऊक. पण नाटक त्यांच्यापर्यंत पोहोचलं होतं.

भगीरथ मदिरामंडळातलाच एक तरुण. तळीरामाच्याच बैठकीत बसलेला, त्याचेच विनोद ऐकलेला, तीच दारू प्यायलेला. तो रामलालच्या सहवासात बाहेर पडतो आणि कामाला लागतो. एवढं एक माणूस नाटकात ठेवलं तरी ‘संगत वाईट लागली’ हे म्हणणं लटकं पडतं, कारण संगत दोघांना तीच होती. पात्रसंख्या कमी करायची म्हणून तुम्ही त्याला काढलंत आणि त्याच्याबरोबर सुटकेचं दारही बंद करून टाकलंत. व्यसनी माणसाच्या घरातलं कुणीतरी तुमच्या प्रयोगाला येणार आहे, आपल्या गावात तर नक्कीच येणार आहे. त्याला भगीरथ दिसला पाहिजे.

आणि सुधाकराला दारातून परत लावणारे ते नाटकातले गृहस्थ. सुधाकर शपथ घेऊन दारू सोडतो, पुन्हा उभं राहायचं म्हणून कुठलंही साधं काम मागायला ओळखीच्या सभ्य लोकांकडे जातो आणि ते त्याला हिडीसफिडीस करतात. ती माणसं पीत नाहीत. कुणाला मारत नाहीत. त्यांची नावंही प्रेक्षकाच्या लक्षात राहत नाहीत. पण माझ्या हिशेबात त्या संध्याकाळी त्यांनी केलं ते तळीरामाच्या करणीहून कमी नव्हतं. तळीरामानं पडलेल्याला आणखी खाली ओढलं. यांनी उठू पाहणाऱ्याला ढकललं. माझ्या वडिलांनीही एकदा सात महिने सोडली होती. त्या सात महिन्यांत त्यांना गल्लीत कुणी काय काय विचारलं ते मला पाठ आहे. “काय, किती दिवस टिकणार?” हे हसत हसत विचारायचे, चांगल्या घरातली माणसं. हा प्रवेश निवेदकाच्या तोंडी देऊ नका. तुमच्या मंडळातले सगळ्यांत भारदस्त, सगळ्यांत गोड आवाजाचे नट त्या गृहस्थांच्या कामाला घ्या.

आता सिंधू.

गडकरी २३ जानेवारी १९१९ ला सावनेरला वारले. वय अवघं तेहेतीस. त्यानंतर महिन्याभरातच, फेब्रुवारीत, बडोद्याला गंधर्व नाटक मंडळीनं ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणलं. सुधाकर गणपतराव बोडसांचा, सिंधू बालगंधर्वांची, पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांची. शालू-पैठण्यांत मिरवणारे बालगंधर्व फाटक्या लुगड्यात उभे राहिले आणि ‘कशि या त्यजूं पदाला’ म्हणाले, तेव्हापासून शंभर वर्षांहून जास्त काळ आपण सिंधूला हात जोडतो आहोत. आपल्या सिंधूचा अर्थ काय हे सांगायला गडकरी नव्हतेच. गळ्याच्या जादूनं जो अर्थ ठरवला तोच आपण पुढे चालवला.

मी त्या जादूच्या विरोधात नाही. ‘चंद्र चवथिचा’ जात्यावर सुरू झालं की मला अजून भरून येतं. पण शेवटच्या प्रवेशात नेमकं काय घडतं, ते एकदा कोरडेपणानं मांडू या. सुधाकरानं नशेत काठी उगारली. बाळ गेलं. सिंधू मरणाच्या दारात आहे. फौजदार जबाब घ्यायला आला आहे आणि सिंधू नवऱ्याचा काही दोष नाही म्हणून सांगते. मरणाऱ्याच्या जबाबाला कायद्यात मोठं वजन आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातही ते होतं. माणूस मरताना खोटं बोलणार नाही, हा त्यामागचा विश्वास. सुधाकर वकील आहे, त्याला हे ठाऊक असणारच. आणि हीच सिंधू याच नाटकात ‘सत्य वदे वचनाला’ गाते. खरं बोलण्याशिवाय जिच्याकडे काही उरलं नव्हतं, तिनं आयुष्यातलं ते एक खोटं अशा जागी खर्च केलं, जिथे त्याचा खऱ्याहून खरा उपयोग होणार होता.

प्रेक्षागृहात इथे टाळी पडते. मी कितीदा ऐकली आहे.

माझी आई एकदाच आली होती हे नाटक बघायला. मी तेव्हा नुकती मंडळात जाऊ लागले होते. त्या रात्री मी विंगेत नव्हते, तिच्या शेजारी बसले होते. चार-पाच वर्षांपूर्वी तिच्या मनगटाचं हाड मोडलं होतं. गावातल्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा माझ्यासमोर ती म्हणाली होती, “न्हाणीत पाय घसरला.” डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे पाहिलं. तर त्या रात्री सिंधू फौजदाराला जबाब देत होती, आमच्या पुढच्या-मागच्या रांगांत बायका पदर डोळ्यांना लावत होत्या, आणि आई कोरड्या डोळ्यांनी समोर बघत होती. टाळी पडली तेव्हा तिचे हात मांडीवरच होते. घरी चालत येताना बराच वेळ काही बोलली नाही. मग मारुतीच्या देवळाजवळ आल्यावर म्हणाली, “तिचं ती बघून घेईल. पोराचं काय गं?”

इतक्या वर्षांत या नाटकावर मी पुष्कळ वाचलं, भाषणं ऐकली. हा प्रश्न मला कुणी विचारलेला सापडला नाही. सिंधूला जे झालं त्याची माफी सिंधूनं द्यावी, तो तिचा अधिकार. पण बाळाच्या वतीनं ती माफी कशी देणार? तिचा चांगुलपणा खराच आहे. त्यात ढोंग नाही, भीतीही नाही, निखळ माया आहे. आणि त्याच चांगुलपणाच्या पोटात एक लहान जीव बिनन्यायाचा राहून गेला आहे. चांगल्याच्या पोटात असं वाईट निपजू शकतं, हे पाहायला फार कठीण जातं, म्हणून आपण पांढरा प्रकाश टाकतो आणि घंटा वाजवतो. घंटा वाजली की प्रश्न ऐकू येत नाही.

मला ठाऊक आहे, तुमच्यातल्या काही तरुण मुलींना सिंधूचा राग येतो. शेवट बदलावा, सिंधूनं फौजदाराला खरं सांगावं किंवा बाळाला घेऊन आधीच निघून जावं, अशीही चर्चा तालमीत झाली असं कळलं. तो राग मला समजतो. आज कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा आहे, आडवी बाटलीला मत देऊन गावातलं दुकान बंद पाडणाऱ्या बायका आपल्या महाराष्ट्रात आहेत, आणि असायलाच हव्यात. पण सिंधूच्या तोंडून खरं वदवलं की प्रेक्षक समाधानानं घरी जाईल. माझी आई त्या रात्री समाधानानं घरी गेली नव्हती, म्हणून तर तिला तो प्रश्न सुचला. सिंधूचं खोटं तसंच राहू द्या. फक्त त्याला आरती ओवाळू नका. साध्या आवाजात, थकलेल्या बाईनं सांगावं तसं तिला सांगू द्या, आणि त्यानंतर पेटी लगेच सुरू करू नका.

सिंधूच्या शेजारी गडकऱ्यांनी गीता ठेवली आहे ती याचसाठी. तळीरामाची बायको. तिखट जिभेची, फारसं शिक्षण नसलेली, नवऱ्याचं सगळं तोंडावर बोलून दाखवणारी. देव्हाऱ्यात बसवावी अशी ती मुळीच नाही, म्हणून तिला टाळ्याही पडत नाहीत. मी तरुणपणी एका प्रयोगात ऐनवेळी गीता केली होती, जिचं काम होतं ती मुलगी आजारी पडली म्हणून. तेव्हा मला कळलं की गीता बोलते तेव्हा खाली बसलेल्या बायका रडत नाहीत, एकमेकींकडे बघतात. चांगलं असण्याची एक वाट सिंधूची असेल, पण एक गीतेचीही आहे, आणि गीता नाटकाअखेरीस जिवंत आहे. तिची वाक्यं परत द्या.

नुसतं मागून चालणार नाही, जागा कुठून काढायची तेही सांगते. मी घड्याळ लावून पाहिलं. तळीरामाचे दोन नवे विनोद आणि मदिरामंडळातली तुम्ही लांबवलेली नाचाची जागा मिळून सात-आठ मिनिटं जातात. सुरुवातीचं निवेदन तीन मिनिटांचं आहे, त्याची गरज नाही. ‘एकच प्याला’ची गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असते. तेवढ्यात रामलाल-शरदचा प्रवेश आटोपशीर करून बसतो. भगीरथाला दोन छोट्या जागा पुरतात. गृहस्थांचा प्रवेश पाच मिनिटांचा. तुमचे दोन तास फार तर दोन तास दहा मिनिटं होतील. स्पर्धेच्या वेळेचा प्रश्न असेल तर एक पद आणखी काढा. माझं आवडतं काढलंत तरी चालेल.

सुधाकराचं काम करणाऱ्या मुलाला एक निरोप द्या. पहिला प्याला उचलताना तो हात थरथरवतो, म्हणजे प्रेक्षकाला कळावं की याच्या मनाविरुद्ध घडतंय. थरथरवू नकोस म्हणावं. आमच्या वेळी एक नट होते, ते प्याला अगदी शांतपणे उचलायचे, पाणी प्यावं तसा. मागून मला फक्त त्यांची पाठ आणि कोपर दिसायचं. तेवढ्यानंही अंगावर काटा यायचा.

शेवटच्या प्रवेशातला दिवा सिंधूवरून काढा. ती बोलत असताना तो बाळाच्या दुपट्यावर राहू द्या. बाकी रंगमंच नेहमीच्या उजेडात असला तरी चालेल.

कळावे, लोभ असावा.

आपली,
मंडळाची एक जुनी प्रॉम्प्टर

ता. क. : माझ्याकडे नाटकाची जुनी प्रत आहे. तिच्या समासात तीन वेगवेगळ्या पेन्सिलींच्या खुणा आहेत, कारण तीन दिग्दर्शकांनी तीन वेळा ती कापली. रामलालचा प्रवेश मात्र तिघांनीही ठेवला होता. शनिवारी तालमीला प्रत घेऊन येते. प्याल्यात रंगाचं पाणी घालू नका, दिव्याखाली ते खोटं दिसतं. आमच्या वेळी त्यात कोरा चहा असायचा, माझ्याच थर्मासमधला. तोही आणते.